फळा पुसला, वही राहिली!
बालमित्रांनो, फळ्यावरचं गणित तास संपला की पुसलं जातं. वहीतलं मात्र राहतं. क्लाउडमधल्या संगणकाचंही तसंच असतं बरं का! गूगल क्लाउडवर भाड्याने घेतलेला आभासी संगणक काढून टाकला, की सहसा त्याची मूळ डिस्कही त्याच्याबरोबर जाते. तुमचा वर्षभराचा प्रकल्प तिच्यात असला तर?

म्हणून वेगळी 'वही' करायची. काळ्या पडद्यावर लिहा: 'जीक्लाउड कंप्यूट डिस्क्स क्रिएट'. पुढे डिस्कचं नाव, आकार (समजा, १० जीबी) आणि झोन, म्हणजे ती यंत्रं जिथे आहेत तो विभाग. मुंबईतला एक झोन आहे 'एशिया-साउथ१-ए'. संगणक ज्या झोनमध्ये, डिस्कही तिथलीच हवी. नाहीतर ती जोडता येत नाही.

मग 'अटॅच-डिस्क' या आज्ञेने ती जोडा. कोरी डिस्क आधी फॉरमॅट करावी लागते, पण एकदाच हं! नव्या संगणकाला जोडताना पुन्हा फॉरमॅट केलीत, तर सगळं लिखाण साफ!

आणि हो, संगणक बंद असला तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. तेव्हा मोठ्यांना विचारूनच हे करा.

आता सांगा पाहू, तुमचा प्रकल्प फळ्यावर आहे की वहीत?