टायर घेताना खोडव्याला विचारा



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गट ऑफिसात दोन प्रकारची माणसे येतात. एक येतो आणि विचारतो, "साहेब, माझी तोड कधी?" दुसरा वाहनमालक. तो विचारतो, "साहेब, यंदा टायर बदलायचाय. तेरा-सहाच ठेवू का चौदा-नऊ घालू?" पहिल्याला उत्तर देताना आमची त्रेधा उडते. दुसऱ्याला मात्र "टायरवाल्याला विचार बाबा" म्हणून आम्ही आजवर वाटेला लावत आलो. हे आमचे चुकले, असे आता स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण टायर विकत घेतो वाहनमालक, पण त्याची खरी किंमत मोजतो फडाचा मालक, आणि तीही पुढच्या वर्षी, खोडव्यात.

२०१९ साल आठवा. ऑगस्टात महापूर आला, मागून परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. हंगाम लांबला आणि सगळ्यांनाच घाई झाली. आमच्या गटातले एक सभासद हात जोडून सांगत होते, "साहेब, रानाला वाफसा नाही. आठ दिवस दम धरा." आम्हीच त्यांना म्हणालो, "दादा, आज गाडी घातली नाही तर पाळी पुढे जाईल." गाडी घातली. ट्रॅक्टर रुतला, दुसरा जोडून ओढला, भरलेली ट्रॉली आसापर्यंत चिखलात घासत बाहेर आली. ऊस गेला, वजन झाले, बिलही निघाले. फेब्रुवारीत खोडवा पाहायला गेलो तेव्हा दादा काही बोलले नाहीत, नुसते बोट दाखवून म्हणाले, "चाकोरी बघा." जिथून चाक गेले होते तिथे ओळीच्या ओळी नांग्या पडल्या होत्या. जे चार फुटवे होते तेही पिवळे.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपल्यात म्हणतात. आम्ही त्या दिवशी नेमके तेच केले.

तेव्हा टायरचा हिशेब नीट समजून घेऊ. टायरच्या कडेवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, इंचात. दुसरा आकडा तो टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास, तोही इंचात. मधे आडवी रेघ असेल तर टायर साधा, 'आर' अक्षर असेल तर रेडियल. पस्तीस-चाळीस घोड्यांच्या ट्रॅक्टरला बहुतेक १३.६-२८ येतो. पन्नासच्या आसपास १४.९-२८ किंवा १६.९-२८ येतो. हल्ली आमच्या तरुण मंडळींना वाटते की मोठा टायर म्हणजे मोठी ताकद. ट्रॅक्टर उंच दिसतो, रुबाब येतो, हे कबूल. पण रिमचा आकडा तोच २८ राहिला तरी १३.६ काढून १६.९ घातला की चाकाची एकूण उंची सुमारे पाच इंचांनी वाढते. चाक मोठे झाले की त्याच गिअरमध्ये वेग वाढतो आणि त्याच प्रमाणात ओढ कमी होते. म्हणजे ओढण्यासाठी घेतलेला टायर ओढच खातो, आणि ताण पडतो क्लचवर आणि आसाच्या बेअरिंगवर. शिवाय प्रत्येक टायरला रिमची ठराविक रुंदी लागते. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो मधोमध फुगतो आणि मधेच झिजतो. ट्रॅक्टर चारही चाकांना जोर देणारा असेल तर पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण कंपनीने बांधून दिलेले असते. नुसती मागची जोडी बदलली की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून पहिला नियम असा : ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे माप दिले असेल त्याच्या बाहेर जाऊ नये. पुस्तकात दोन मापे दिली असतील तर त्यातून निवड करावी, आणि ती निवड रान बघून करावी.

आता रान बघू. तीन फुटी सरीत दोन ओळींत ३६ इंच अंतर. बुडख्याचे बेट फूटभर रुंद धरले तर मधे २४ इंच उरतात. १३.६ चा टायर मधून नेला तर दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच मोकळे राहतात, १६.९ चा नेला तर साडेतीन-साडेतीन. तेही ड्रायव्हरने सुतासारखी गाडी चालवली तर. पण मुळात दोन चाकांमधले अंतर तीन फुटांच्या हिशेबात बसतच नाही. ट्रॅक्टरची चाकोरी साधारण साडेचार-पाच फुटांची. एक चाक सरीत गेले की दुसरे बेटावर चढणारच. साडेचार किंवा पाच फुटी सरी असेल तर एक ओळ पोटाखाली आणि दोन्ही चाके दोन सऱ्यांत, असे सरळ बसते. तोडणी यंत्राला रुंद सरी लागते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण यंत्र आले नाही तरी रुंद सरीचा हा फायदा आहेच. आमच्या मते टायरची निवड दुकानात होत नाही, ती लागणीच्या दिवशी सरी पाडतानाच होते.

तिसरी गोष्ट हवेची. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात बारा-चौदा पौंड हवा असली की टायर पसरून बसतो आणि वजन वाटले जाते. रुंद टायरचा खरा उपयोग हाच, की त्यात कमी हवा ठेवून तेच वजन पेलता येते. रुंद टायर घेऊन त्यात टच्च हवा मारली तर पैसे पाण्यात. मात्र भरल्या गाडीनिशी डांबरी सडकेला लागताना हवा पुस्तकाप्रमाणे वाढवली पाहिजे, नाहीतर टायर तापतो आणि कडेला चिरा जातात. हवा मोजायचे मीटर फार महाग नाही. पण आमच्या पाहण्यात दहा वाहनमालकांत एकाकडे ते असेल. बाकीचे लाथ मारून बघतात.

आणि आता मुख्य गुन्हेगार. सगळी चर्चा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची होते, पण रान खरे दाबते ते ट्रॉलीचे चाक. ट्रॉलीचा टायर बहुधा ९.००-१६ किंवा ९.००-२०, म्हणजे नऊ इंच रुंद, आणि त्यात हवा साठ पौंडाच्या पुढे. रस्त्यासाठी तो बरोबर आहे. पण बारा पौंडाच्या शेजारी साठ पौंड ठेवून बघा, पाचपट दाब! वर दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा टनांच्या पुढे ऊस. ट्रॉलीच्या टायरातली हवा कमी करून हा प्रश्न सुटत नाही, भरल्या वजनाखाली तो फाटेल. आणखी एक ध्यानात ठेवा. वरच्या थराचा दाब टायरच्या हवेवर ठरतो, पण खालच्या थराचा दाब आसावर येणाऱ्या एकूण वजनावर ठरतो. खोल गेलेला हा दाब नांगराच्या फाळालाही पुरता लागत नाही. काळ्या भारी रानात, ओल्यावर, पहिल्याच फेरीत बहुतेक नुकसान होऊन जाते. मातीतली पोकळी मिटते, मुळांना हवा मिळत नाही, चाकोरीत पाणी साचते आणि डोळे कुजतात.

कोणी म्हणेल, "मग चिखलाचे खोल नक्षीचे टायर घालू." बाजारात आर-वन आणि आर-टू असे दोन प्रकार असतात. आर-वन नेहमीच्या शेतकामाचा. आर-टू भातखाचराचा, त्याच्या नक्षीचे दात जवळजवळ दुप्पट उंच. भाताच्या चिखलणीला तो उत्तम. पण आपला ट्रॅक्टर फडातून निघून मैलोगणती सडकेने कारखान्यावर येतो. त्या सडकेवर हे उंच दात वाकतात, झपाट्याने झिजतात आणि ड्रायव्हरचे कंबरडे मोडतात. आणि चिखलात ट्रॅक्टर रुतला नाही म्हणजे रान वाचले, असे मुळीच नाही. उलट रुतत नाही म्हणून तो अधिक ओल्या रानात घातला जातो. तेव्हा ऊस वाहतुकीला आर-वनच बरा. कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना एवढे बघावे, म्हणजे दातांतला चिखल बाहेर फेकला जातो.

टायर बरोबर आहे की नाही हे पाहायची एक सोपी रीत. चाकावर खडूने खूण करा. भरली ट्रॉली ओढताना चाकाचे दहा फेरे मोजा आणि तेवढ्या अंतराला दोन खुंट्या मारा. मग रिकाम्या ट्रॅक्टरने तेच अंतर चाला. साडेआठ-नऊ फेरे लागले तर घसरण दहा-पंधरा टक्के, ठीक आहे. साडेसातच लागले तर चाक चौथा हिस्सा जागच्या जागी फिरते आहे. डिझेल, टायर आणि रान तिन्ही जळते आहे. आणि गाडी घालण्याआधी मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे. चेपून तसाच बसला तर नाही. मग टायर कोणताही असो, गाडी बांधावरच राहू द्या.

यावर वाहनमालक म्हणतील, "साहेब, हप्ता आमच्या डोक्यावर, एक दिवस गाडी उभी राहिली तर कोण भरणार?" तोडणीवाली मंडळी म्हणतील, "बांधापर्यंत मोळ्या आम्ही वाहायच्या, त्या फुकट का?" दोन्ही बोलणी रास्त आहेत. त्यातल्या बाया-माणसांच्या डोक्यावर आणखी शंभर पावले टाकून आपला खोडवा वाचवायचा असेल, तर त्या पावलांचे पैसे ठरवून दिले पाहिजेत. म्हणून आमचे मत आम्ही संचालक मंडळापुढेही मांडणार आहोत. ओल्या रानात एकच ट्रॉली, तीही अर्धी भरून बाहेर काढावी आणि उरलेली सडकेवर भरावी. बांधापर्यंतच्या वाहणावळीचा दर करारातच लिहावा. वाफसा नाही म्हणून सभासदाने गाडी परत पाठवली, तर त्याची पाळी जाऊ नये. त्याच गटातला हलका, निचऱ्याचा फड आधी घ्यावा. आणि वाहतूक करार करताना इंजिनाच्या घोड्यांबरोबर टायरचे मापही नोंदवावे.

हे सगळे होईल तेव्हा होईल. तोवर सभासदांनी एक करावे. गाडी बांधावर आली की ट्रॉलीच्या टायरकडे बघावे, पायाखालच्या मातीकडे बघावे आणि मग हो म्हणावे. आणि आमच्यापैकी कोणी चिटबॉय किंवा साहेब "आज नाही तर पाळी जाईल" म्हणून घाई करू लागला, तर त्याला दादांची चाकोरी दाखवावी. आम्हांला ती अजून दिसते.

आपला,
ऊस विकास अधिकारी