मामाच्या मळ्यातील दुपार

उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलांना घेऊन त्यांच्या मामाच्या मळ्यावर जाल. जेवणे आटोपून वडीलधारी मंडळी ओसरीवर कलंडली, की मुलांचा मोर्चा गोठ्यामागच्या सरपणाकडे वळतो. कोकणात अशाच जागी, दगडाखाली, क्वचित काढून ठेवलेल्या चपलेतही लाल विंचू दडलेला असतो.

विंचू चावला की कांदा, चुना, मंत्र यांची धावपळ सुरू होते आणि मोलाचा वेळ निघून जातो. वेदनेने आक्रोश करणाऱ्या मुलापेक्षा मला अधिक भय वाटते ते घामाने निथळणाऱ्या, उलट्या करणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या मुलाचे. वेदना कमी असली तरीही. तेथे विषाचा परिणाम हृदयावर होऊ लागलेला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि अनेकांचे प्राण वाचले. पण ते औषध वेळेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

‘जरा वाट पाहू या,’ असे आजी म्हणतील. त्यांचा मान राखावा, पण गाडी काढावी. जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, हे मात्र मळ्यावर पोहोचताच मामांना विचारून ठेवावे.