औषधाची गरज कोणी ठरवायची?

स्तनाच्या कर्करोगाच्या 'हर-टू पॉझिटिव्ह' प्रकारात ट्रास्टुझुमॅब हे औषध बहुधा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते. सकाळी सलाइन लागते आणि संध्याकाळी बाई घरी जाते. क्लेम नेमका इथेच अडतो. चोवीस तास दाखल नव्हत्या, ही केमोथेरपी नव्हे, अशी कारणे पुढे येतात. वास्तविक विमा नियामक 'इर्डा'ने २०१९ मध्येच बारा आधुनिक उपचारांची यादी देऊन ते आंतररुग्ण म्हणून किंवा डे-केअरमध्ये विमा-संरक्षणात घ्यायला सांगितले आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडीचे इंजेक्शन त्या यादीत आहे आणि ट्रास्टुझुमॅब हे तेच आहे. कंपनीला रकमेची मर्यादा घालता येते, पण उपचारच पॉलिसीबाहेर ठेवता येत नाही.

तरीही नकार येतो आणि बहुतेक घरे तो अंतिम मानून दागिने गहाण टाकतात. २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याचे सुमारे अकरा टक्के दावे फेटाळले गेले. त्यातले सगळेच अन्यायाने फेटाळले गेले, असे आमचे म्हणणे नाही. खोटी बिले आणि विनाकारण भरती हे प्रकार घडतात, त्यांचा भार प्रामाणिक हप्तेदारांवर पडतो आणि कंपन्यांनी ते तपासायलाच हवेत. पण बायोप्सी आणि 'हर-टू' चाचणीचे अहवाल फाइलला असताना संशयाला जागा कुठे उरते? करार म्हणजे करार, हा युक्तिवादही मान्य. मग तो दोन्ही बाजूंना लागू व्हावा. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार तीन सदस्यांच्या दावा-पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीविना दावा फेटाळता येत नाही आणि पॉलिसीतील नेमके कलम दाखवावे लागते. ते कलम लेखी मागणे ही लढ्याची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी डॉक्टरांच्या हातात आहे. 'उपचार आवश्यक' एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीने काही होत नाही. निदान काय, हेच औषध का, ते रुग्णालयातच का द्यावे लागते, डोस लांबला तर धोका कोणता, हे अहवालांसह आणि कंपनीच्या आक्षेपाला धरून लिहिलेले पत्र हवे. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. मुंबई आणि पुण्यात ही कार्यालये आहेत. ओपीडी भरलेल्या डॉक्टरांना पत्रे लिहायला वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण केमोने थकलेल्या रुग्णाने किंवा तिच्या गोंधळलेल्या मुलाने कलमे शोधत बसावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅशलेसची कागदपत्रे पुढे सरकवायला मोठ्या रुग्णालयांत टीपीए डेस्क असतो. नकार आल्यावर मात्र तो रुग्णाला 'तुम्हीच कंपनीशी बोला' म्हणतो. पत्राचा मसुदा करून डॉक्टरांची सही घेणे, अपील दाखल करणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हे काम याच डेस्कवर बंधनकारक करावे. धर्मादाय रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवकांनाही राज्य सरकारने त्याचे प्रशिक्षण द्यावे आणि पुढचा डोस चुकण्याआधी अपील गेले पाहिजे, अशी मुदत घालून द्यावी.