दुधाचा पगार

सोमवारी सकाळी ऑफिसची लिफ्ट वर जाताना तुमच्या पोटात गोळा येतो का? माझ्या येतो. फरक इतकाच, की माझ्या ऑफिसातली बॉस मीच आहे.

सात वर्षांपूर्वी बाणेरच्या एका टू बीएचकेमध्ये आम्ही चौघांनी कंपनी काढली. काम काय, तर दुसऱ्या कंपन्यांच्या लोकांचे पगार करून द्यायचे. हजेरी, रजा, पीएफ, टीडीएस, पे-स्लिप सगळं आमच्याकडे. आज एकेचाळीस माणसं आहेत, काचेची मीटिंग रूम आहे, कॉफीचं मशीनसुद्धा आहे. आणि गेल्या मार्चमध्ये, हसू नका, लोकांचे पगार वेळेवर करून देणाऱ्या या कंपनीने स्वतःच्या माणसांचा पगार नऊ दिवस उशिरा केला.

झालं असं, की एक मोठा क्लायंट मिळाला. मोठा म्हणजे सॉलिड मोठा. आनंदाच्या भरात त्याच्यासाठी अकरा माणसं घेतली. त्याचं पेमेंट नव्वद दिवसांनी, पगार मात्र दर तीस दिवसांनी. हे गणित शाळेतल्या पोरालाही जमलं असतं, पण तेव्हा आम्ही 'ग्रोथ'मध्ये होतो ना! एकतीस तारखेला संध्याकाळी सात वाजता मी सगळ्यांना एक गोडगोड मेल टाकला आणि मागच्या जिन्याने घरी गेले. हो, लिफ्टपाशी कोणी भेटू नये म्हणून. पुढे कळलं, की आमच्या एका सीनियर मुलाचा होम लोनचा हप्ता बाऊन्स झाला. तो मला एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं 'गुड मॉर्निंग' म्हणाला. ते मला जास्त लागलं.

आता त्याच क्लायंटने तिप्पट काम देऊ केलंय. अट तीच, नव्वद दिवस. पार्टनर म्हणाला, "घेऊन टाक, एवढी ऑफर परत येणार नाही." मी म्हटलं, एक वीकेंड दे. आणि गाडी काढून मामाकडे निघाले.

मामाचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये वीकेंडचा एक तृतीयांश भाग खर्ची घालून खेडचा घाट चढला, की अवसरी फाटा येतो. तिथे रस्त्यालगत एक मोठी डेअरी आहे. तुमच्या फ्रिजमध्ये 'गोवर्धन'चं तूप किंवा 'गो'चं चीज असेल, तर तुम्ही तिला ओळखता. पराग मिल्क फूड्स. पिझ्झ्यावरचं चीज बघून मंचर आठवणारी माणसं कमीच, ते सोडा.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेत होतो, तेवढ्यात मामाचा मोबाइल वाजला. मेसेज वाचून तो आत ओरडला, "अगं, पगार झाला!"

"मामा, तुम्हाला कसला पगार?"

"दुधाचा. कसला म्हणजे?"

तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. आजोळ असून नव्हतं. डेअरीकडून दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे येतात, त्याला इकडे सरळ 'पगार' म्हणतात. पेंडवाला त्या तारखेपर्यंत थांबतो, किराणावाला थांबतो, पोरांची फी त्या तारखेला भरली जाते. चार गाईंच्या जिवावर घरात महिन्याला तीन पगार! आमच्या ऑफिसात एक व्हायची मारामार.

मग मामा जुन्या गोष्टींवर घसरला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुधाला सुट्टी असायची. म्हणजे थंडीत दूध वाढलं, की संकलन करणारे एखादा दिवस सांगायचे, आज दूध आणू नका. "आता गाईला कोण सांगणार, आज सुट्टी आहे म्हणून?" मामा म्हणाला. मामी खवा आटवायची, शेजारीपाजारी वाटायची, आणि तरी उरलं की ओतून द्यायची. ओतलेल्या दुधाचा वास दोन दिवस जात नाही म्हणे.

परागची गोष्ट नेमकी इथूनच सुरू होते. १९९१ साली सरकारने डेअरी धंद्यावरची परवान्याची बंधनं उठवली आणि १९९२ साली मंचरच्या देवेंद्र शहांनी कंपनी काढली. कंपनी स्वतःची जन्मकथा सांगते ती हीच, की दुधाला सुट्टी नको, शेतकऱ्याचं दूध रोज घेतलं गेलं पाहिजे.

ऐकायला सोपं आहे. पण बॉस, जरा हिशेब मांडा. पिशवीतलं दूध पुण्या-मुंबईत रोज साधारण तेवढंच खपतं. पुष्टकाळात, म्हणजे थंडीत, गाई जास्त दूध देतात. दूध रोज घेणार म्हटलं, की उरलेल्याचं काहीतरी करावंच लागतं. म्हणून पावडर, लोणी, तूप. मग चीज. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, आणि त्यातलं बहुतेक पाणी पुन्हा तुमच्यासमोर उभं राहतं, व्हेच्या रूपात. तेही फेकायचं नाही, तर त्याची प्रोटीन पावडर. तुमच्या जिममधला तो 'अवतार'चा डबा याच घरचा. माणसं म्हणतात, काय डायव्हर्सिफिकेशन आहे! मला मामाच्या ओट्यावर बसून वाटलं, हे सगळं त्या एका शब्दाचं व्याज आहे. रोज घेणार म्हणालात ना, मग चीज करायला शिका. आम्ही उलटं केलं होतं. आधी माणसं घेतली, आणि त्यांना काय शब्द दिलाय, ते एकतीस तारखेला आठवलं.

संस्थापकाच्या वाटेला पुढे काय काय येतं, तेही बघा. एकेकाळी गावात कॅन मोजणाऱ्या कंपनीला मुंबईच्या श्रीमंत घरात स्वतःच्या फार्मचं दूध 'प्राइड ऑफ काउज' म्हणून पोचवायचं असतं, आणि त्या कामात पुढच्या पिढीला, मुलीला, अक्षाली शहांना, जागा द्यायची असते. मे २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा सुरुवातीला पुरेशी मागणी आली नाही. मुदत वाढवावी लागली, किमतीचा खालचा आकडा उतरवावा लागला आणि शेअर शेवटी २१५ रुपयांना गेला. चोवीस वर्षं घालून उभं केलेलं काम, आणि बाजार तोंडावर सांगतो, भाव जास्त आहे! पुढे २०२१-२२ मध्ये तर पाचशे कोटींहून जास्त तोटा जाहीर करावा लागला. त्यानंतर कंपनी पुन्हा नफ्यात आली. पण असे आकडे मागच्या जिन्याने उतरून सांगता येत नाहीत, ते भागधारकांसमोर उभं राहूनच सांगावे लागतात. हे वाक्य लिहिताना माझे कान गरम झालेत.

रविवारी मामेभाऊ म्हणाला, चल, नारायणगावला मिसळ खाऊ. मंचरहून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण तालुका बदलतो, जुन्नर लागतं. आणि गोष्टही बदलते. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुलेंनी इथे शॅम्पेनच्या फ्रेंच पद्धतीने फसफसणारी वाइन बनवली होती. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकची तांत्रिक मदत, परदेशात 'ओमर खय्याम' हे नाव. शातो इंडाज! नारायणगावची द्राक्षं लंडनच्या टेबलावर. तेव्हा भारतात वाइन पिणारे बोटावर मोजण्याइतके. त्या माणसाच्या नजरेला सलामच.

मग २००७-०८ च्या तेजीत परदेशात खरेदी सुरू झाली, ऑस्ट्रेलियात वाइनरी, ब्रिटनमध्ये वितरण कंपनी. पाठोपाठ जागतिक मंदी आली, कर्ज डोईजड झालं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अवसायनापर्यंत गेलं. मंदी काही चौगुलेंनी आणली नव्हती, आणि लांबून शहाणपण शिकवणं सोपं असतं. पण वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं हातगाडीवर विकता येत नाही. ते घेणारा थांबला, की बागायतदाराच्या दृष्टीने ती दुधाची सुट्टीच, फक्त वर्षभराची. त्या मंदीनंतर राज्यात कित्येकांनी वाइनच्या बागा उपटून काढल्या.

मिसळ झकास होती. जाळ अगदी डोळ्यांतून पाणी काढणारा, त्यामुळे मी रडतेय की तिखट लागलंय, हे भावाला कळलं नाही. तिथूनच पार्टनरला फोन लावला. म्हटलं, काम घेऊ, पण तीस दिवसांवर. आणि तीन महिन्यांचे पगार बँकेत साठेपर्यंत नवीन माणूस घ्यायचा नाही.

"क्लायंट जाईल," तो म्हणाला.

"जाऊ शकतो."

"तू बरी आहेस ना?"

सोमवारी चाळीस जणांना मीटिंग रूममध्ये कोंबलं. निम्मे उभेच होते. मार्चमध्ये काय झालं, कोणाच्या चुकीने झालं, बँकेत किती पैसे आहेत, सगळं सांगितलं. आकड्यांसकट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सिनेमा नव्हता तो. एकीने मीटिंग संपताच बायोडेटा अपडेट करायला घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हप्ता बाऊन्स झालेल्या मुलाने हात वर केला.

"मॅडम, क्लायंट गेला तर आम्ही अकरा जण?"

याचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुम्हाला काढणार नाही, असं म्हणायला जीभ शिवशिवत होती. म्हटलं, "तीन महिने तुमचा पगार एक तारखेला होईल. त्या तीन महिन्यांत मी आणि पार्टनर दुसरं काम शोधू. आम्हा दोघांचा पगार तोवर बंद." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओके." नुसतं ओके.

परवा मामाचा फोन आला.

"काय म्हणतोय गं तुझा तो नव्वद दिवसवाला?"

"अजून उत्तर नाही, मामा."

"आणि पोरांचा पगार?"

"एक तारखेला झाला."

पलीकडून गाय हंबरली. "थांब, धारेची वेळ झाली," म्हणाला आणि फोन ठेवला.