दाताचा पत्ता

परवा नाशिकमध्ये एका शाळकरी मुलाने टोकदार दगड पुढे करून मला विचारले, ''हा डायनोसॉरचा दात ना?'' नव्हता. ती गारगोटी होती. लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या कातळात स्फटिक मुबलक, पण दात-हाडे मिळणे जवळजवळ अशक्य. डायनोसॉर भेटतात ते बहुधा लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत : चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा, जबलपूर, गुजरातेतील रहिओली. रहिओलीच्या हाडांवरूनच २००३ मध्ये 'राजासॉरस' या मांसाहारी प्राण्याचे बारसे झाले.

या शिकारी प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. म्हणून सुटे दात बऱ्याचदा हाती लागतात. करवतीसारखी धार मांसाहाराची साक्ष देते. पण तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता याची नोंद नसेल, तर साक्षीदार मुका होतो. उरते दिवाणखान्यातली शोभेची वस्तू.

केंद्राने २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा मांडला. कायदा हवाच, पण वारशाचा पहिला राखणदार नांगर धरणारा शेतकरी असतो, त्याला कोण सांगणार? त्या मुलाला मी एवढेच म्हटले, ''खरा दात दिसला तर उचलू नकोस. आधी जागा लिहून ठेव.''