दूरदेशीच्या मैत्रीचा पाया

भारत आणि अमेरिका या दोन लोकशाही राष्ट्रांच्या मैत्रीविषयी आपल्याकडे जो वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्यात एक पक्ष म्हणतो की, प्रौढ मतदान, स्वतंत्र न्यायालये आणि लिखित राज्यघटना ज्यांना समान आहेत अशी राष्ट्रे स्वभावतःच एकमेकांची मित्र होत. आणि दुसरा म्हणतो की, राष्ट्राराष्ट्रांत मैत्री म्हणून काही नसतेच, असतो तो स्वार्थ, आणि बलाढ्याशी सख्य जोडणाऱ्याच्या पदरी अखेर मानभंगच येतो. पहिल्या पक्षाचा परामर्श थोडक्यात घेता येईल. घटनांच्या साम्यातून मैत्री आपोआप उत्पन्न होत असती, तर डिसेंबर १९७१ मध्ये, पूर्व बंगालच्या मतदारांचा कौल पायदळी तुडवणाऱ्या एका पाकिस्तानी लष्करशहाला धीर देण्यासाठी, अमेरिकेच्या सातव्या आरमारातील ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली नसती.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र आदराने ऐकून घेतले पाहिजे, कारण त्याच्या दप्तरी पुरावा आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडण्याचा शिरस्ता ठेवला, आणि त्यामागे आपण शेतीचे धोरण सुधारावे हा आग्रह होता, तसाच व्हिएतनामविषयी आपण केलेल्या टीकेचा रोषही होता. १९६३ च्या करारनाम्यान्वये तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम पुरवण्याची हमी अमेरिकेने दिली. भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर, विशेषतः १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केल्यानंतर, त्या हमीची वाट अडली. या यादीत आपले लोक आणखी एक कलम हमखास घालतात, ते गाजरगवताचे. मिलोच्या आणि लाल गव्हाच्या पोत्यांतून अमेरिकेने हे विष आपल्या शिवारात पेरले, असे खेडोपाडी आजही ऐकू येते.

या शेवटच्या कलमापासूनच आरंभ करू, कारण राग पुराव्याच्या पुढे कसा धावतो ते त्यात दिसते. पुण्याच्या परिसरात हे गवत ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ साली; आणि ज्या ‘पीएल ४८०’च्या माथी ते मारले जाते, त्या अमेरिकी धान्यमदतीच्या योजनेचा भारताशी पहिला करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टात. त्याआधी, १९५१ साली, कर्जाऊ म्हणून अमेरिकी गहू आला होता, तेव्हा त्या देशाला या आरोपातून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु संशय आणि शाबिती यांत जे अंतर आहे ते न्यायबुद्धीच्या माणसाने ओलांडू नये.

जॉन्सन, एंटरप्राइज आणि तारापूर ही कलमे मात्र खरी आहेत. माझा आक्षेप त्या घटनांना नसून त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला आहे. कारण तो काढताना ‘अमेरिका’ म्हणजे एकच मन आणि एकच मुख असे गृहीत धरले जाते. १९७१ सालचेच पाहा. एप्रिलच्या ६ तारखेला ढाक्यातील अमेरिकी वकिलातीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. पूर्व बंगालातील अत्याचारांविषयी आपल्याच सरकारने धरलेल्या मौनाचा निषेध करणाऱ्या त्या तारेवर तेथील वीस अधिकाऱ्यांची नावे होती, आणि वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांना त्याबद्दल आपली जागा गमवावी लागली. जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात सामान्य नागरिकांनी लहान होड्या घालून ‘पद्मा’ या पाकिस्तानी मालवाहू जहाजाची वाट अडवण्याचा प्रयत्न केला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी संगीतसभा भरवली, आणि त्याच महिन्यात सिनेटर एडवर्ड केनेडी आपल्याकडील निर्वासितांच्या छावण्या स्वतः फिरून पाहून गेले. आरमार पाठवणारे सरकारही अमेरिकेचेच होते आणि त्याला भर सभेत जाब विचारणारे हे लोकही अमेरिकेचेच होते. हुकूमशाही राष्ट्राशी केलेले सख्य एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असते. लोकशाही राष्ट्रात मात्र एक दार बंद झाले तरी ठोठावण्यासाठी दुसरी दारे उरतात.

तारापूरची हकीकतही हेच सांगते. १९८० साली अडतीस टन इंधन पाठवावे की नाही हा प्रश्न अमेरिकी काँग्रेससमोर आला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ते नाकारले आणि सिनेटने ४८ विरुद्ध ४६ मतांनी जाऊ दिले. अवघ्या दोन मतांच्या आधिक्यावर आपल्या भट्ट्यांचे भवितव्य तोलले जावे, ही गोष्ट मला आजही बोचते. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याची तडजोड झाली. परंतु तो अनुभव वाया गेला नाही: २००८ च्या नागरी अणुकरारात भारताला इंधनाचा राखीव साठा करता यावा आणि पुरवठा खंडित झाल्यास इतर राष्ट्रांकडून तो मिळवण्यास साहाय्य व्हावे, ही तरतूद आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी आग्रहाने लिहवून घेतली. दोष करारनाम्यात होता आणि करारनाम्यातच तो दुरुस्त करता आला. ज्यांनी तारापूरचे नाव घेऊन सहकार्याचे दारच लावून घ्यावे असा सल्ला दिला, त्यांच्या मसलतीने हे कलम कधीच लिहिले गेले नसते.

आता मंडनाकडे वळतो. दूरदेशीची मैत्री राज्यकर्त्यांच्या आलिंगनांवर न ठेवता, दोन्ही देशांतील संस्थांनी वाटून घेतलेल्या आणि प्रत्येकीने आपला भार स्वतः उचललेल्या कामांवर ठेवावी, हे माझे प्रतिपादन आहे; आणि त्याला आधार म्हणून मी खेड्यांतील दूरदर्शनच्या प्रयोगाचा दाखला देतो. ‘नासा’ आणि आपले अणुऊर्जा खाते यांचा त्याविषयीचा करार झाला १९६९ साली. मध्यंतरी एंटरप्राइज येऊन गेली. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि अवघ्या बारा दिवसांनी ज्या उपग्रहावर हा सगळा प्रयोग अवलंबून होता तो अवकाशात गेला. त्या दिवसांत करार मोडण्याला निमित्तांची वाण नव्हती. तरीही १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत तो उपग्रह चित्रे पोहोचवत राहिला. उपग्रह त्यांचा होता. कार्यक्रम आपले, अहमदाबादचे भूकेंद्र आपले, आणि संचही हैदराबादच्या आपल्याच सरकारी कारखान्यात घडवलेले. खेड्यातील शाळेजवळ जी दहा फूट व्यासाची थाळी उभी राहिली, तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी लावलेली होती. देणारा आणि घेणारा हे नाते तेथे उरलेच नव्हते, म्हणून मानभंगाचाही प्रश्न उरला नाही.

असेच एक काम आपल्या लासलगावात पाहावयास मिळते. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे उभारलेल्या किरणोत्सर्ग केंद्रात २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसच्या पेट्या कोबाल्टच्या किरणांखालून जाऊ लागल्या. कोयीत दडून बसणारी कीड निकामी झाल्याखेरीज एकही फळ आपल्या देशात येऊ द्यायचे नाही, हा अमेरिकेचा आग्रह; आणि त्यासाठी त्यांचा निरीक्षक हंगामभर नाशिक जिल्ह्यात येऊन राहणार, हा ठराव. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला ही अट जाचक वाटली, तरी बंद बाजारपेठ उघडली ती या अटीनेच.

३० जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी मिळून घडवलेला ‘निसार’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून झेपावला, आणि त्याच दिवशी भारतीय मालावर पंचवीस टक्के आयातकर लादण्याची घोषणा वॉशिंग्टनमधून झाली. महिन्याभरात तो दुप्पट झाला. या करामुळे आपल्या कारागिरांवर आणि मच्छीमारांवर जो अन्याय झाला, त्याचा निषेध केलाच पाहिजे. परंतु त्या रागापायी ज्यांनी उपग्रहाचेही काम बंद करा म्हटले असते, त्यांनी आपल्याच भूकंपप्रवण डोंगरांचे आणि वितळत्या हिमनद्यांचे मोजमाप बंद केले असते.

राहता राहिली एक उणीव, आणि ती आपली आहे. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर तेवढ्याच निष्ठेने लिहिले. उलट बाजूने पाहावे, तर पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर जो मराठी ग्रंथ लिहिला, त्याच्या तोडीचे काम आपल्याकडून पुढे क्वचितच झाले. प्रवासवर्णने आपण पुष्कळ लिहिली. तेथील सिनेटच्या समित्या कशा चालतात, आयोवाचा शेतकरी कोणाला मत देतो आणि का, तेथील काळ्या समाजाच्या लढ्याने न्यायालये कशी बदलली, हे मराठीत सांगणारा अभ्यासक शोधावा लागतो. ४८ विरुद्ध ४६ अशा मतदानात आपले भवितव्य ठरत असेल, तर त्या चौऱ्याण्णव माणसांना ओळखणारी माणसे आपल्याजवळ हवीत. आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अशा अभ्यासासाठी स्वतःच्या पैशाने तरुणांना वर्षानुवर्षे तेथे पाठवले पाहिजे.