उपग्रहांचे धरण आणि माहितीचे कालवे

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा उपग्रह अवकाशात झेपावला, तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले आणि ते योग्यच होते. इस्रो व नासा यांनी मिळून उभारलेला हा पहिला पृथ्वी-निरीक्षक उपग्रह. बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना आणि भिन्न तरंगलांबीची दोन रडारे, एक अमेरिकन व एक भारतीय, ही त्याची सामग्री. ढग असोत वा काळोख, बारा दिवसांच्या प्रत्येक फेरीत पृथ्वीवरील जवळजवळ सर्व जमिनीची व हिमाच्छादित प्रदेशांची दोनदा नोंद घ्यावी आणि जमीन काही सेंटिमीटर जरी हलली तरी ते टिपावे, अशी ही योजना आहे. तिचा एकूण खर्च दीड अब्ज डॉलरच्या घरात जातो. उड्डाणाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. परंतु धरणाच्या उद्घाटनाच्या दिवशी कालव्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही; येथेही तेच घडले.

प्रश्न आहे तो उपग्रहाने धाडलेल्या माहितीचे पुढे काय होते, हा. नासाच्या अंदाजानुसार ‘निसार’च्या नोंदींतून दररोज सुमारे ८० टेराबाइट इतकी माहिती तयार व्हावयाची आहे. हा आकडा किती मोठा, हे साध्या गणिताने स्पष्ट होईल. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून या एका दिवसाच्या राशीची ने-आण करावयाची, तर अहोरात्र काम चालूनही सुमारे ७४ दिवस लागतील. जोडणी दहापट वेगवान असली तरी आठवडा उलटून जाईल. अर्थात सारी राशी कोणा एका संशोधकाला लागत नाही. परंतु सह्याद्रीच्या एखाद्या पट्ट्यातील जमिनीची हालचाल अभ्यासावयाची, तर वर्षाला सुमारे तीस फेऱ्यांच्या नोंदी हव्यात, आणि त्याही अनेक वर्षांच्या. ही मागणीसुद्धा सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर जाते.

शिवाय रडारकडून येते ते छायाचित्र नसते. परत आलेल्या असंख्य लहरींची ती नोंद असते. तिच्यावर प्रचंड आकडेमोड केल्यावर प्रतिमा तयार होते. आणि जमीन खचली की उंचावली, हे कळण्यासाठी दोन वेगळ्या दिवशींच्या नोंदींमधील लहरींची तुलना करावी लागते. म्हणजेच उपग्रह, साठवण, संगणन आणि दळणवळण ही चार साधने एकमेकांना पूरक आहेत. अर्थशास्त्राचा एक जुना धडा असा, की पूरक साधनांपैकी एकच वाढवीत गेले तर त्याची उत्पादकता वाढण्याऐवजी घटत जाते. महाराष्ट्राला हा धडा पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांतील तफावत येथील शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पाहिली आहे.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. ‘लँडसॅट’ मालिकेतील उपग्रहांची चित्रे विकण्याचे काम १९८४ च्या कायद्यान्वये खाजगी क्षेत्राकडे देण्याचे ठरले. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या आसपास गेली. उपग्रह जनतेच्या पैशाने अवकाशात गेले होते, पण त्यांची चित्रे विद्यापीठांना परवडेनाशी झाली. पुढे धोरण बदलले, किंमत सहाशे डॉलरवर आली, आणि २००८ मध्ये सारा संग्रह विनामूल्य खुला झाला. त्यानंतर मागणी अशी वाढली, की नेलेल्या चित्रांची संख्या काही वर्षांतच कोटींच्या घरात गेली. एकाने वापरल्याने जी वस्तू दुसऱ्यासाठी कमी होत नाही, तिच्यावर किंमत लावणे म्हणजे समाजाने स्वतःचेच नुकसान करून घेणे होय, या सिद्धांताचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळतो.

परंतु विनामूल्य वस्तूचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसरीकडे सरकतो. साठा फुगत गेल्यावर नासाने आपली माहिती ‘क्लाउड’वर, म्हणजे मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, हलविण्यास सुरुवात केली. मार्च २०२० मध्ये नासाच्याच महानिरीक्षक कार्यालयाने त्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. ३२ पेटाबाइटचा साठा २०२५ पर्यंत सुमारे २४७ पेटाबाइटवर जाईल, असा त्यावेळचा अंदाज होता. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. या कंपन्या माहिती ठेवण्याचे भाडे घेतातच, पण ती बाहेर काढण्याचाही आकार घेतात. वापर जितका वाढेल तितके बिल वाढेल, आणि अंदाजपत्रकात त्याची पुरेशी तरतूद नसेल तर वापरावरच मर्यादा घालाव्या लागतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. पाणी फुकट, पण पाटकऱ्याची पट्टी अनिश्चित, अशी ही अवस्था होय.

भारताची स्थिती काय आहे? धोरणाच्या पातळीवर पाऊल योग्य दिशेने पडले आहे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने पाच मीटर व त्याहून स्थूल तपशिलाची शासकीय उपग्रहमाहिती विनामूल्य व खुली ठेवण्याचे मान्य केले. संगणनातही देश मागे राहिलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने समर्थ महासंगणक देण्यास नकार दिल्यावर पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, हा इतिहास अभिमानास्पद आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ कार्यान्वित झाला. तथापि हवामानाच्या अंदाजासाठी लागणारे यंत्र आणि उपग्रहांचा वर्षानुवर्षांचा साठा चाळण्यासाठी लागणारी व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात वेगवान आकडेमोडीला प्राधान्य. दुसऱ्यात विशाल साठवण, तिच्यालगतच संगणन आणि तेथपर्यंत पोचणारा रुंद मार्ग, या तिन्हींची सांगड महत्त्वाची.

हा मार्ग बांधण्यासाठी मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास सुमारे सहा हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि मोठ्या संशोधनसंस्था एकमेकींशी जोडल्या गेल्या. मात्र रुंद कालवा विद्यापीठाच्या दारात येऊन थांबतो आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयाच्या वाट्याला चारी येते. भूगोल वा भूशास्त्राचा जो विद्यार्थी आपल्याच तालुक्यातील जमिनीचा अभ्यास करू इच्छितो, त्याला माहिती कागदोपत्री खुली असूनही हाती लागत नाही. किंमत हटली, पण अंतर राहिले.

या अंतराची किंमत कोण मोजतो, हे उत्तराखंडातील जोशीमठ येथे दिसले. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे जाऊन कुटुंबे हलवावी लागली. त्यानंतर राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या प्राथमिक अहवालातून कळले, की एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात तेथील जमीन सुमारे नऊ सेंटिमीटर खचली होती, आणि २७ डिसेंबरपासूनच्या अवघ्या बारा दिवसांत आणखी ५.४ सेंटिमीटर. नोंद उपग्रहांकडे होती. तिचे ज्ञानात रूपांतर भिंती फाटल्यावर लोकांपुढे आले. पुढे तो अहवालही संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, जुलै २०२१ मध्ये तळिये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी: महाराष्ट्राच्या डोंगरकपारीतील गावांची ही यादीही विसरण्याजोगी नाही. मुसळधार पावसात काही क्षणांत कोसळणारी दरड बारा दिवसांनी फिरकणारा उपग्रह आधी सांगू शकणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कोणते उतार वर्षानुवर्षे हळूहळू सरकत आहेत, याची यादी करणे शक्य आहे. ती करण्यासाठी नागपूरच्या महाराष्ट्र दूरसंवेदन उपयोजन केंद्राबरोबरच रायगड-पुण्याच्या महाविद्यालयांतही माणसे आणि साधने हवीत.

गरीब देशाने एवढा खर्च का करावा, परदेशी कंपन्यांचे संगणक भाड्याने मिळतातच की, असा आक्षेप घेतला जाईल. तात्पुरत्या कामासाठी भाड्याचे साधन घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु ज्या साठ्यावर गावांची सुरक्षितता अवलंबून राहणार, त्याची किल्ली आणि दरपत्रक दोन्ही परक्याच्या हाती सोपविणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तेव्हा प्रत्येक उपग्रहयोजनेच्या मूळ अंदाजपत्रकातच साठवण, संगणन व वितरण यांचा ठरावीक हिस्सा, उपग्रहाच्या आयुष्यभरासाठी, बाजूला काढला पाहिजे. निवडक विद्यापीठांत प्रादेशिक केंद्रे उभारून माहितीच्या शेजारीच संगणनाची सोय करावी. म्हणजे राशी हलवावी न लागता फक्त प्रश्न पाठवावा आणि उत्तर आणावे, एवढेच काम उरेल. त्यासाठी अरुंद जोडणीही पुरते. आणि ही केंद्रे चालविणाऱ्या तंत्रज्ञांना मुदतीच्या कंत्राटावर न ठेवता कायम पदे द्यावीत. यंत्र पाच-सात वर्षांत जुने होते, अनुभव होत नाही.

‘निसार’साठी लागणारा मोठा खर्च होऊन गेला आहे, तो परत मिळणार नाही. आता थोडा अधिक खर्च करून त्याचे फळ पदरात पाडून घ्यावयाचे, की भरलेल्या धरणाकडे पाहत कोरड्या शेतात उभे राहावयाचे, एवढाच निर्णय उरला आहे. तो घेण्यास उड्डाणाच्या दिवसाइतकी गर्दी जमणार नाही. डोंगरउतारावरच्या गावांच्या दृष्टीने मात्र खरा महत्त्वाचा दिवस तोच असेल.